परकीय प्रभाव मोहिमांवरची देखरेख : पुरावा तपासणार कोण?

एखाद्या देशाच्या सार्वजनिक चर्चेत दुसऱ्या देशाने तोंड लपवून शिरू नये, याबद्दल फारसे दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते पुढच्या प्रश्नांवर. हा शिरकाव ओळखायचा कोणी, कोणत्या पुराव्यावर, आणि ओळखल्यानंतर करायचे काय? गेल्या दहा वर्षांत या प्रश्नांभोवती एक अख्खे कार्यक्षेत्र उभे राहिले. सरकारी यंत्रणा, समाजमाध्यम कंपन्यांची तपास पथके, विद्यापीठांतील प्रयोगशाळा, तथ्यतपासणी करणाऱ्या संस्था आणि शोधपत्रकार असे सगळे त्यात आले. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत मात्र या क्षेत्राची घडी विसकटली. अमेरिकेत यातल्या बऱ्याच यंत्रणा बंद झाल्या, युरोपात त्यांना कायद्याचा आधार मिळाला, आणि भारतात उच्च न्यायालयाने सरकारी तथ्यतपासणीला लगाम घातला. म्हणूनच या वादाचा हिशेब आता मांडायला हवा. तो मांडताना एक गोष्ट वारंवार पुढे येते. देखरेखीची विश्वासार्हता तिने किती बनावट खाती पकडली यावर ठरत नाही. तिने मांडलेला पुरावा तिऱ्हाइताला तपासता येतो का, यावर ठरते.

पार्श्वभूमी : शीतयुद्धापासून समाजमाध्यमांपर्यंत

जुलै १९८३ मध्ये दिल्लीहून निघणाऱ्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एका निनावी अमेरिकी शास्त्रज्ञाचे म्हणून एक पत्र छापून आले. एड्सचा रोग अमेरिकी लष्कराच्या प्रयोगांतून निर्माण झाला, असा त्यात दावा होता. पत्रामागे सोव्हिएत गुप्तहेर संघटना केजीबी होती. दोन वर्षांनी मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गाझेता’ने दिल्लीच्या दैनिकाचा हवाला देत तोच दावा उचलला. १९८७पर्यंत तो सुमारे ८० देशांत, ३०हून अधिक भाषांत फिरला होता. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी त्यातील केजीबीचा हात मान्य केला. आजच्या मोहिमांचे सगळे घटक या प्रकरणात आढळतात : मूळ स्रोत लपवणे, तिसऱ्या देशातील माध्यमातून मजकूर फिरवून त्याला साळसूदपणा देणे, आणि लोकांच्या मनात आधीच असलेल्या अविश्वासाचा फायदा उठवणे. प्रतिकाराचा धडाही याच प्रकरणात आहे. अमेरिकेने १९८१ मध्ये परराष्ट्र खात्याच्या पुढाकाराने एक छोटा आंतरविभागीय गट नेमला होता. या गटाने खोटे दस्तऐवज आणि त्यांचा प्रवास अहवालांतून जाहीरपणे मांडला. १९८७च्या अहवालाबद्दल खुद्द मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी अमेरिकी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे नाराजी व्यक्त केली. उघड केलेल्या पुराव्याचे वजन त्यातून दिसले.

इंटरनेटने ही जुनी पद्धत स्वस्त आणि वेगवान केली. सेंट पीटर्सबर्गमधील ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ने अमेरिकी नागरिकांच्या नावाने हजारो खाती चालवली. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेचे विशेष वकील रॉबर्ट म्यूलर यांनी १३ रशियन व्यक्ती आणि तीन संस्थांवर आरोपपत्र दाखल केले. या एजन्सीचा मजकूर १२ कोटी ६० लाख अमेरिकींपर्यंत पोहोचला असू शकतो, असे फेसबुकने त्याआधीच अमेरिकी संसदेला सांगितले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्विटरने रशिया आणि इराणशी जोडलेल्या खात्यांचे एक कोटीहून अधिक ट्वीट संशोधकांसाठी खुले केले. या क्षेत्राच्या वाढीत ही घटना निर्णायक ठरली, कारण कंपनीचा दावा पहिल्यांदाच बाहेरच्या लोकांना एवढ्या मोठ्या प्रमाणावर पडताळता आला.

मात्र ही कला एकट्या रशियाची नाही. चीन आणि इराणमधून चालणारी जाळी अनेकदा उघड झाली आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्राफिका ही कंपनी आणि स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्वेटरी यांनी मध्यपूर्व आणि मध्य आशियात अमेरिकाधार्जिणा प्रचार करणारे बनावट जाळे उजेडात आणले. त्यातील काहींचा संबंध अमेरिकी लष्कराशी असल्याचे मेटाने पुढे सांगितले. कोविडकाळात फिलिपिन्समध्ये चिनी लशीविषयी अविश्वास पसरवणारी छुपी मोहीम अमेरिकी लष्कराने चालवल्याचे रॉयटर्सने जून २०२४ मध्ये उघड केले. भारताचे नावही या यादीत आले आहे. ब्रसेल्समधील ‘ईयू डिसइन्फोलॅब’ने डिसेंबर २०२० मध्ये ११९ देशांतील ७५०हून अधिक बनावट प्रसारमाध्यमांच्या जाळ्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पाकिस्तानची प्रतिमा बिघडवणे आणि युरोपीय संघ व संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठांवर भारताला अनुकूल मजकूर पेरणे हा त्याचा उद्देश होता, असे अहवाल म्हणतो. अहवालाने हे जाळे दिल्लीतील श्रीवास्तव समूहाशी जोडले. भारत सरकारचा थेट संबंध मात्र त्यात सिद्ध झालेला नाही, आणि परराष्ट्र मंत्रालयाने जबाबदार लोकशाही म्हणून भारत अशा मोहिमा चालवत नाही, असे स्पष्ट केले. या उदाहरणांचा मथितार्थ असा की देखरेखीची फूटपट्टी सगळ्यांना सारखी लावली नाही, तर ती प्रतिस्पर्ध्यावर उगारण्याची काठी होते.

देखरेख प्रत्यक्षात कशी होते

सामान्य समज असा की ही मंडळी खऱ्या-खोट्या बातम्या निवडत बसतात. जाणकारांच्या पद्धतीचा भर वेगळ्या ठिकाणी आहे. कॅमिल फ्रान्स्वा यांनी २०१९ मध्ये मांडलेली चौकट तीन गोष्टी वेगळ्या करते : मोहीम चालवणारा कोण, त्याचे वर्तन कसे, आणि मजकूर काय. यातली मधली बाब सर्वांत भरवशाची मानली जाते. एकाच वेळी उघडलेली खाती, तोच मजकूर मिनिटभराच्या अंतराने टाकणे, जाहिरातींचे पैसे एकाच ठिकाणाहून येणे, संकेतस्थळांची नोंदणी आणि सर्व्हर समान असणे ही त्याची लक्षणे. मत पटते की नाही, हा प्रश्नच इथे येत नाही. आपण कोण आहोत याबद्दल वाचकाला संघटितपणे फसवले गेले का, एवढेच पाहायचे. ‘डॉपलगँगर’ नावाने ओळखली जाणारी रशियन मोहीम याचे ठळक उदाहरण आहे. ‘ल मोंद’, ‘डेर श्पीगेल’, ‘गार्डियन’ यांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळे तिने उभारली. फरक होता तो पत्त्याच्या शेपटात. ईयू डिसइन्फोलॅबने २०२२ मध्ये ती उघड केली, फ्रान्सच्या सरकारी यंत्रणेने २०२३ मध्ये दुजोरा दिला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ३२ संकेतस्थळे जप्त करताना मोहिमेची अंतर्गत कागदपत्रे न्यायालयात सादर केली. तीन स्वतंत्र वाटांनी एकाच निष्कर्षावर येणे, ही या क्षेत्रातील सर्वोत्तम कामगिरी म्हणता येईल.

कच्चे दुवेही आहेत. बनावट वर्तन सिद्ध करणे तुलनेने सोपे, ते एखाद्या कंपनीशी जोडणे कठीण, आणि त्या कंपनीमागे सरकार आहे असे सांगणे त्याहून कठीण. २०१७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘हॅमिल्टन ६८’ या फलकाचा अनुभव इथे बोलका आहे. रशियन प्रभावाशी संबंधित सुमारे ६०० ट्विटर खात्यांच्या हालचाली तो दाखवत असे, पण ती खाती कोणती हे गुप्त होते. त्याच्या आधारे अनेक बातम्या छापल्या गेल्या. यातली कित्येक खाती सामान्य लोकांची असावीत, अशी शंका ट्विटरच्याच कर्मचाऱ्यांना होती, हे २०२३ मध्ये बाहेर आलेल्या पत्रव्यवहारातून समजले. सर्व खाती रशियाच्या ताब्यात आहेत असा आपला दावा कधीच नव्हता, माध्यमांनी त्याचा चुकीचा अर्थ लावला, असे चालकांचे म्हणणे होते. ते मान्य केले तरी दोष उरतोच. यादी बंद असल्यामुळे तो चुकीचा अर्थ वेळीच दुरुस्त करण्याचा मार्ग कोणाकडेच नव्हता.

परिणाम किती होतो?

या क्षेत्रातील सर्वांत मोठा शास्त्रीय वाद हाच आहे, आणि त्यात तीन भूमिका दिसतात. पहिली भूमिका परिणाम गंभीर मानते. कॅथलीन हॉल जेमीसन यांनी २०१८च्या आपल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला की २०१६च्या अमेरिकी निवडणुकीत चोरलेले ईमेल उघड करण्याच्या खेळीने बातम्यांचा क्रमच बदलला, आणि अटीतटीच्या लढतीत तेवढा धक्का पुरेसा ठरला असावा. दुसरी भूमिका संशयी आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले की रशियन खात्यांचा ७० टक्के मजकूर केवळ एक टक्का वापरकर्त्यांच्या नजरेसमोर आला, त्यांतही रिपब्लिकन पक्षाचे कट्टर समर्थक अधिक होते, आणि त्याचा मतांवर किंवा मतदानावर मोजता येईल असा संबंध आढळला नाही. हा अभ्यास फक्त ट्विटरपुरता आहे. फेसबुक किंवा ईमेल प्रकरणाबद्दल तो काही सांगत नाही. तिसरी भूमिका परिणाम मतपेटीत शोधत नाही, विश्वासात शोधते. कशावरच भरवसा ठेवता येत नाही, अशी भावना पसरली की मोहिमेचे काम झाले, असे ती म्हणते. या भूमिकेत तथ्य आहे, पण ती मोजायला सर्वांत अवघड आहे, आणि म्हणून सर्वांत सहज वापरली जाते.

बेन निम्मो यांनी २०२० मध्ये सुचवलेली सहा पायऱ्यांची श्रेणी या गुंत्यातून व्यावहारिक वाट काढते. मोहीम एकाच माध्यमात, आपल्याच लोकांत अडकून पडली, की अनेक माध्यमांत पसरली, मुख्य प्रवाहातील बातम्यांत शिरली, एखाद्या मोठ्या व्यक्तीने उचलून धरली, की थेट धोरण किंवा हिंसेपर्यंत पोहोचली, हे ती पाहते. बहुतेक मोहिमा खालच्या पायऱ्यांवरच विझतात. ही गोष्ट सांगणे देखरेख करणाऱ्यांचे कर्तव्य ठरते, कारण अतिशयोक्ती शत्रूच्याच पथ्यावर पडते. डॉपलगँगर चालवणाऱ्या रशियन कंपनीची कागदपत्रे फुटली, तेव्हा पाश्चात्त्य माध्यमांतील आपल्याविषयीच्या बातम्या ती यशाचा पुरावा म्हणून गोळा करत असल्याचे दिसले.

परिणाम सिद्ध होत नसेल तर देखरेख हवीच कशाला, असा आक्षेप इथे घेतला जातो. त्याचे उत्तर निवडणूक कायद्यात आहे. उमेदवाराने परदेशातून गुपचूप पैसा घेण्यावर बंदी असते. त्या पैशाने निकाल बदलला हे सिद्ध करण्याची अट तिथे नसते. मतदाराला कोण काय सांगतो आहे हे कळण्याचा हक्क स्वतंत्र आहे. मात्र याच युक्तिवादाची दुसरी बाजूही स्वीकारावी लागते. हानी अनिश्चित असेल, तर उपायही सौम्य हवा : उघड करणे, खूण लावणे, बनावट खाती काढणे. सामान्य नागरिकाच्या बोलण्यावर बंदी घालण्याइतका आधार या पुराव्यात नाही.

देखरेख कोणी करावी?

पहिले उत्तर सरकारने, असे आहे. गुप्तवार्ता आणि तपासाचे अधिकार सरकारकडेच असतात, त्यामुळे कर्त्यापर्यंत पोहोचणे त्यालाच शक्य होते. फ्रान्सने जुलै २०२१ मध्ये ‘विजिनम’ ही यंत्रणा स्थापली. ती केवळ सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहिती पाहते, तिचे काम परकीय डिजिटल हस्तक्षेपापुरते मर्यादित आहे, तिच्यावर एक नैतिक व शास्त्रीय समिती लक्ष ठेवते, आणि ती तांत्रिक अहवाल प्रसिद्ध करते. स्वीडनने जानेवारी २०२२ मध्ये मानसशास्त्रीय संरक्षणासाठी स्वतंत्र संस्था सुरू केली. अमेरिकेत उलटा प्रवास झाला. परराष्ट्र खात्यातील ‘ग्लोबल एंगेजमेंट सेंटर’ डिसेंबर २०२४ मध्ये बंद पडले, आणि एफबीआयचे परकीय प्रभावविषयक पथक फेब्रुवारी २०२५ मध्ये बरखास्त झाले. परकीयांचे निमित्त करून अमेरिकी नागरिकांचीच मुस्कटदाबी झाली, असा टीकाकारांचा आरोप होता. सरकारने कंपन्यांना केवळ माहिती दिली, निर्णय कंपन्यांचा होता, असे समर्थक सांगत. या आरोपावरून झालेल्या खटल्यात जून २०२४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वादींना दावा करण्याचा अधिकारच नाही असे ठरवले. त्यामुळे माहिती देणे कुठे संपते आणि दबाव कुठे सुरू होतो, या मूळ प्रश्नाचा निवाडा झालाच नाही.

दुसरे उत्तर कंपन्यांनी. सगळी आतली माहिती त्यांच्याकडे आहे, पण धोरण मालकाच्या मर्जीवर फिरते. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांचा मोफत प्रवेश बंद केला. मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘क्राउडटँगल’ हे साधन बंद केले आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील तथ्यतपासणीची व्यवस्था गुंडाळण्याची घोषणा केली. तिसरे उत्तर स्वतंत्र संशोधकांनी. त्यांची अडचण दुहेरी आहे : माहिती कंपन्यांच्या हातात आणि पैसा देणगीदारांच्या. स्टॅनफर्डच्या ऑब्झर्वेटरीचे काम खटले आणि राजकीय चौकशांच्या दबावाखाली २०२४ मध्ये आटोपते घेतले गेले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने यावर तोडगा काढण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातील ४०वे कलम पात्र संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडून माहिती मागण्याचा हक्क देते, आणि त्याची सविस्तर नियमावली ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाली. डिसेंबर २०२५ मध्ये एक्स (पूर्वीचे ट्विटर) या कंपनीला झालेल्या १२ कोटी युरोच्या दंडामागे संशोधकांना माहिती नाकारणे हेही एक कारण होते. हा मार्ग कंपनी, सरकार आणि संशोधक यांपैकी कोणा एकावर विसंबत नाही, ही त्याची जमेची बाजू. तो प्रत्यक्षात किती चालतो, हे अजून दिसायचे आहे.

रोमानियाची कसोटी

हे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी येऊन भिडले ते रोमानियात. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत फारसे परिचित नसलेले कॅलिन जॉर्जेस्कू सुमारे २३ टक्के मते घेऊन पहिले आले. प्रचारावर आपण काहीच खर्च केला नाही, असे त्यांनी जाहीर केले होते. ४ डिसेंबरला अध्यक्षांनी गुप्तवार्ता अहवाल खुले केले. मतदानापूर्वीच्या दोन आठवड्यांत टिकटॉकवरील सुमारे २५ हजार खाती एकाएकी सक्रिय झाल्याचे त्यांत म्हटले होते. दोन दिवसांनी घटनात्मक न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. लोकशाहीने स्वतःचे रक्षण केले, असे एका बाजूचे म्हणणे. मतदारांचा कौल गुप्तहेरांच्या टिपणांवर फेटाळला, असे दुसऱ्या बाजूचे. रशियाचा थेट हात दाखवणारा ठोस पुरावा त्या कागदांत नव्हता. पुढे ‘स्नूप’ या शोधपत्रकारिता संस्थेने दाखवले की जॉर्जेस्कूंना लाभ देणाऱ्या एका टिकटॉक मोहिमेचा पैसा देशातल्याच नॅशनल लिबरल पक्षाकडून आला होता. तसा हेतू असल्याचे पक्षाने नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने मत दिले की निवडणूक रद्द करण्याचा निर्णय केवळ गुप्त माहितीवर आधारलेला नसावा, कारण त्यात पारदर्शकता आणि पडताळणी राहत नाही. मे २०२५ मधील फेरनिवडणुकीत निकुशोर दान विजयी झाले, पण शंका मिटल्या नाहीत. हस्तक्षेप झाला नसेल, असा याचा अर्थ नाही. न्यायालयाचा निर्णय योग्य होता की नाही, हे रोमानियन नागरिकाला उपलब्ध पुराव्यावरून ठरवता आले नाही, आणि तीच खरी हानी आहे.

भारत आणि भारतीय भाषा

भारताकडे रोखलेल्या मोहिमांचेही जाहीर पुरावे आहेत. मेटाने २०२४ मध्ये जगभरच्या शीख समाजाला लक्ष्य करणारे, चीनमधून चालणारे जाळे काढून टाकले. त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीच्या काळात स्टोइक या इस्रायली कंपनीने भाजपवर टीका आणि काँग्रेसची स्तुती करणारा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केल्याचे ओपनएआयने सांगितले, आणि ही हालचाल २४ तासांच्या आत रोखल्याचा दावा केला. यातली पहिली मोहीम लहान होती आणि दुसरी सुरू होताच थांबली, हेही त्याच अहवालांतून कळते.

भारतातला कायदेशीर वाद मुंबईत निर्णायक झाला. माहिती तंत्रज्ञान नियमांतील एप्रिल २०२३च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ ठरवण्याचा अधिकार सरकारनेच नेमलेल्या तथ्यतपासणी कक्षाला दिला. नियम फक्त सरकारी कामकाजापुरता आहे आणि न्यायालयात दाद मागता येते, अशी सरकारची बाजू होती. कुणाल कामरा आणि इतर याचिकाकर्त्यांचे म्हणणे, सरकार स्वतःच्या प्रकरणात स्वतःच पंच होते. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठात मतभेद झाले, मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कक्षाच्या अधिसूचनेला स्थगिती दिली, आणि सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. आक्षेप तथ्यतपासणीला नव्हता. एका पक्षकाराच्या शब्दाला अंतिम सत्याचे कायदेशीर बळ देण्याला होता.

मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या वेळी या प्रश्नाची धार पुन्हा जाणवली. सीमेपलीकडून खोट्या चित्रफितींचा मारा झाला, सरकारने १,४००हून अधिक दुवे बंद केल्याचे सांगितले, आणि आठ हजारांहून अधिक खाती बंद करण्याचे आदेश आल्याचे एक्सने जाहीर केले. बहुतेक प्रकरणांत कोणता मजकूर बेकायदा हे सांगितलेच नाही, अशी कंपनीची तक्रार होती. युद्धप्रसंगी तातडी लागते, हे मान्य करावे लागेल. पण असे आदेश मजकूर रोखण्याविषयीच्या २००९च्या नियमांनुसार गोपनीय राहतात, त्यामुळे त्यांतले किती आवश्यक होते हे नंतरही तपासता येत नाही. त्याच दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी काही भारतीय वृत्तवाहिन्यांनीच दिली. केवळ परकीय खात्यांकडे पाहणारी देखरेख अशा वेळी अपुरी पडते.

याहून मोठी पोकळी भाषेची आहे. वर सांगितलेली बहुतेक साधने इंग्रजी मजकुरावर आणि खुल्या माध्यमांवर बेतलेली आहेत. मराठी माणसापर्यंत बरीचशी खोटी माहिती व्हॉट्सॲपवरून येते, आणि तिथला संवाद कूटबद्ध असतो. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जमावाने बळी घेतला. त्यामागे परकीय हात नव्हता, पण बंद माध्यमातला मजकूर किती जीवघेणा ठरू शकतो ते कळले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली. खासगी संवाद न वाचता वेग कमी करणारा हा उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे. सर्वांचे संदेश तपासण्यापेक्षा लोकांनी स्वतःहून पाठवलेल्या संशयास्पद मजकुराची तपासणी करणारे क्रमांक आणि मराठीत काम करणारी तथ्यतपासणी वाढवणे, हा त्याच दिशेचा पुढचा टप्पा ठरेल.

अनुत्तरित प्रश्न

तीन प्रश्न खुले आहेत. पहिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा. रशियाधार्जिण्या ‘प्रावदा’ जाळ्याने लाखो लेख ओतून संवादयंत्रांची (चॅटबॉट) उत्तरेच दूषित केली आहेत, असा इशारा न्यूजगार्ड या संस्थेने मार्च २०२५ मध्ये दिला. त्यांच्या चाचणीत ३३ टक्के उत्तरांत खोटे दावे आले. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांना हे प्रमाण सुमारे पाच टक्केच आढळले, आणि विश्वासार्ह माहिती उपलब्ध नसलेल्या विषयांतच ते वाढते असे त्यांनी नोंदवले. हे दुसरे निदान बरोबर असेल, तर मराठीसारख्या, इंटरनेटवर मजकूर कमी असलेल्या भाषांना धोका जास्त आहे. दुसरा प्रश्न देशी-विदेशी सीमेचा. पैसा एका देशाचा, कंपनी दुसऱ्या देशाची आणि आवाज स्थानिक, अशी व्यवस्था रूढ होत असताना ‘परकीय’ ही कसोटी किती टिकेल? तिसरा प्रश्न खासगीपणाचा : संशोधकाला पुरेशी माहिती द्यायची आणि नागरिकावर पाळत ठेवायची नाही, हा तोल अजून कोणालाच नीट साधलेला नाही.

पडताळणीच्या आग्रहावर एक गंभीर आक्षेप आहे. सगळा पुरावा उघड केला तर मोहीम चालवणारे सावध होतात आणि तपासाचे मार्ग बंद पडतात. हे काही प्रमाणात खरे आहे, म्हणून प्रत्येक तांत्रिक तपशील लगेच छापावा असे कोणी म्हणणार नाही. पण न्यायालय, संसदीय समिती किंवा पात्र संशोधकांचे मंडळ यांपैकी कोणापुढे तरी तो ठेवता येतो, आणि ठरावीक काळानंतर जाहीरही करता येतो. पुराव्याचा भार कारवाईच्या वजनाइतका असावा, एवढे तत्त्व मान्य झाले तरी बरेच काम होईल. बनावट खाते काढायला वर्तनाचा पुरावा पुरेल. एखाद्या देशावर आरोप करायला स्वतंत्र दुजोरा हवा. निवडणूक रद्द करायची असेल तर मतदारापुढे उघडपणे ठेवता येणारा पुरावा हवा. प्रभाव मोहिमा लोकांच्या विश्वासावर घाला घालतात. त्यांना रोखणाऱ्यांनी ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढेच सांगितले, तर दोघांत फरक करायला नागरिकाकडे काही साधन उरत नाही. ते साधन पुरवणे हे देखरेखीचे पहिले काम आहे, आणि येत्या काळात कोणत्याही यंत्रणेचे मूल्यमापन याच मोजपट्टीवर व्हायला हवे.